ओसरीवर बसलेला आवाज

रसग्रहण करायचं तर आधी कविता वाचकापुढे ठेवा, मग बोला, अशी आमच्या मराठीच्या बाईंची शिस्त होती. म्हणून आधी वस्तू पुढे ठेवतो. वीतभर काळी वायर. एका टोकाला एचडीएमआयची चपटी पिन, दुसऱ्या टोकाला काडेपेटीहून थोडी लहान डबी. डबीच्या तोंडाला निळं सॉकेट, त्यात तीन ओळींत पंधरा भोकं. एका कुशीला हेडफोन लावायचं गोल भोक, दुसऱ्या कुशीला जुन्या मोबाइलच्या चार्जरचं बारीक, चपटं भोक. दुकानात हिला नुसतं ‘कन्व्हर्टर’ म्हणतात. नेमकं बोलणारं गिऱ्हाईक असेल तर ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ म्हणतं.

दर शनिवारी सकाळी ही डबी माझ्या खिशातून माणच्या एका शाळेत जाते. माण हे मुळशी तालुक्यातलं माझं गाव. हिंजवडीच्या राजीव गांधी आयटी पार्कचा तिसरा टप्पा आमच्या शिवारात आहे, आणि शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रोचं अलीकडचं टोक आणि डेपोही इथलाच. शाळेतला प्रोजेक्टर जुना आहे, कुणीतरी नवा घेताना देऊन टाकलेला. त्याला चित्रासाठी फक्त व्हीजीएचं निळं सॉकेट. माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. एकाला आकडे बोलता येतात, दुसऱ्याला विजेचा चढउतार तेवढा कळतो. मधे ही डबी बसते.

गेल्या पावसाळ्यात सातवीच्या वर्गात एकाच तासाला दोन गोष्टी झाल्या. पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा लावला आणि पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, सगळं हळदीसारखं झालंय.” खरंच, पांढरा कागद पिवळाधमक दिसत होता आणि फिकट निळा अरबी समुद्र पोपटी झाला होता. केबल काढून पाहिली तर वरच्या ओळीतली तिसरी पिन वाकलेली. त्या मुलीने कंपासपेटीतलं कर्कटक काढलं, टोकाने पिन हलकेच सरळ केली, आणि समुद्र परत निळा झाला. मग सह्याद्रीतल्या पक्ष्यांची फिल्म लावली. चित्र सुरेख, पण आवाज नाही. प्रोजेक्टरमधून नाही आणि लॅपटॉपमधूनही नाही. मघाशी लॅपटॉप बोलत होता, केबल लावल्यावर मुका झाला. तीच मुलगी म्हणाली, “सर, आवाज कुठे गेला?”

मी सेटिंगमध्ये जाऊन आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर परत आणला आणि तास पुढे नेला. पण प्रश्न रास्त होता आणि त्याला उत्तर मिळालं नव्हतं. पिवळ्या नकाशाचं कारण मला माहीत होतं. आवाजाचं मी कधी नीट विचारून घेतलं नव्हतं. त्या दिवसापासून मी ही डबी नव्याने वाचायला लागलो.

निळ्या सॉकेटपासून सुरुवात करू, कारण ते वडीलधारं आहे. आयबीएमने १९८७ साली आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आणलं. वरच्या ओळीतल्या पहिल्या तीन पिना म्हणजे तांबडा, हिरवा आणि निळा. प्रत्येक रंगाला आपली वायर, आणि त्या वायरीवरचा विजेचा दाब म्हणजे त्या रंगाची उजळी. शून्य व्होल्टला काळोख, ०.७ व्होल्टला पूर्ण तेज, आणि मधल्या प्रत्येक छटेला मधला कुठला तरी दाब. उजेड चढला की दाब चढतो, उजेड मावळला की दाब उतरतो. अ‍ॅनालॉग म्हणजे एवढंच: वायरीतली वीज पडद्यावरच्या उजेडासारखी वागते. कुठे आकडा नाही, मोजणी नाही, नुसती अखंड मींड.

म्हणून निळ्याची पिन वाकली तेव्हा फक्त निळा गेला. पांढऱ्यातला निळा गेला की पिवळा उरतो. फिकट निळ्या समुद्रात तांबडा आणि हिरवाही बराच असतो, त्यांचा पोपटी झाला. नद्या, जिल्ह्यांच्या हद्दी, गावांची नावं सगळं जागच्या जागी होतं. टाळकऱ्यांतला एक जण उठून गेला तरी भजन मोडत नाही, तसं. व्हीजीएतला हा दिलदारपणा मला फार आवडतो. त्याचं बिघडणंही वाचता येतं. पडदा जांभळट गुलाबी झाला तर हिरवा गेला, निळसर हिरवा झाला तर तांबडा. बिघाडच आपलं नाव सांगतो.

मग भजन धरून कोण ठेवतं? खालच्या ओळीतल्या तेराव्या आणि चौदाव्या पिना. रंगांच्या वायरी नुसत्या चढतात-उतरतात. ओळ कुठे संपली, पान कुठे संपलं, हे त्यांना ठाऊक नसतं. ते या दोन पिना सांगतात. तेरावी म्हणते ‘ओळ संपली’, चौदावी म्हणते ‘पान संपलं, वर जा’. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, पहाऱ्यामागून पहारा ती उभीच असते, तशा या दोन खुणा अखंड चालू असतात. रंग असोत-नसोत, त्या थांबल्या की चित्र उरत नाही.

इथे या कवितेतली मला सर्वांत प्रिय जागा येते. जुन्या काचेच्या पडद्यात इलेक्ट्रॉनचा एक झोत डावीकडून उजवीकडे ओळ रंगवत जायचा. ओळ संपली की त्याला परत डावीकडे आणावं लागे. पोर शुद्धलेखन लिहिताना ओळ संपल्यावर पेन उचलतं आणि हात मागे आणतं, तसं. हात मागे येताना पेन टेकलेलं असेल तर कागदावर आडवी रेघ ओढली जाईल. म्हणून झोत त्या वेळात विझवलेला असे. या विझलेल्या वेळेचे तीन तुकडे आहेत. मधे ‘ओळ संपली’ची खूण, तिच्या अलीकडे एक छोटा विसावा आणि पलीकडे दुसरा. इंजिनिअरांनी या दोन विसाव्यांना नावं दिली आहेत फ्रंट पोर्च आणि बॅक पोर्च. मराठीत सांगायचं तर पुढची ओसरी आणि मागची पडवी. सिग्नलची आकृती काढली की खुणेच्या खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना सपाट पायऱ्या दिसतात, अगदी जोत्यासारख्या. शुष्क समजल्या जाणाऱ्या शास्त्रात कुणीतरी घर पाहिलं होतं.

व्हीजीएच्या मूळ चित्रात एका ओळीत ६४० ठिपके. पण ओळीचा खरा वेळ ८०० ठिपक्यांचा: ६४० चित्राचे, मग पुढच्या ओसरीचे १६, खुणेचे ९६ आणि मागच्या पडवीचे ४८. तसंच चित्राच्या ओळी ४८०, पण मोजायच्या ५२५. गुणाकार करून पाहिला तर एकूण वेळातला सुमारे २७ टक्के भाग रिकामा. दर सेकंदाला साठ वेळा चित्र उमटतं आणि त्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त वेळ अंधाराचा असतो. डोळ्याला पत्ता लागत नाही.

आमच्या माणच्या जुन्या घराला अशी ओसरी होती. तिथे कुणी राहत नसे, पण पाहुणा आधी तिथे टेकायचा, सुगीत भाताची पोती तिथे यायची, हिशेब तिथे व्हायचे. बांधणाऱ्याने ती उन्हापावसाची सोय म्हणून सोडलेली. वापरणाऱ्यांनी तिला घराचा कान केलं. पडद्याच्या ओसरीचंही तेच झालं. दूरचित्रवाणीत ती पहिल्यापासून होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि १९७३पासून सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रातून त्याचं चित्र पुण्याच्या आसमंतात पोचू लागलं. कौलांवर काठीला अँटेना बांधून, “आता? आता दिसतं का?” असं वरून ओरडत माणसांनी मुंग्या घालवल्या, त्या चित्रात एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची होती, त्यातले ५२ चित्राचे आणि १२ विसाव्याचे. पानाच्या शेवटी तर कितीतरी ओळी पूर्ण रिकाम्या जात. त्या रिकाम्या ओळींत बीबीसीने १९७४ साली अक्षरं बसवली आणि सीफॅक्स नावाची सेवा सुरू केली: बातम्या, हवामान, सगळं त्याच लहरींवर, चित्राला धक्का न लावता. जागा होती, ती कुणाच्या तरी नजरेला पडली.

व्हीजीएच्या सॉकेटातही अशीच एक रिकामी जागा होती. नववी पिन मुळात नव्हतीच. त्या जागी भोक बुजवलेलं असे. पुढे त्या बुजवलेल्या भोकाला काम मिळालं: तिथून पाच व्होल्ट जायला लागले. आणि पडद्याची ओळख सांगायला राखून ठेवलेल्या पिनांपैकी बारावी आणि पंधरावी या खऱ्या अर्थाने बोलत्या झाल्या. पडद्यात एक लहानशी चिप असते, तिच्यात १२८ बाइटचं ओळखपत्र: कुणी बनवला, कोणत्या साली, रुंदी-उंची किती, कोणती चित्रं पेलतील. संगणक बाराव्या-पंधराव्या पिनेवरून ते वाचतो, आणि नवव्या पिनेच्या पाच व्होल्टमुळे पडदा बंद असला तरी ते वाचता येतं. या १२८ बाइटची बेरीज केली तर तिला २५६ने नि:शेष भाग जावा लागतो. नाही गेला तर ओळखपत्र वाटेत बिघडलं. केवढा नेटका ठसा! म्हणजे पूर्ण अ‍ॅनालॉग समजल्या जाणाऱ्या या केबलीत एक आकड्यांची कुजबुज कधीचीच चालू होती.

आता डबीची दुसरी बाजू वाचण्याआधी थोडी वाट वाकडी करतो. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे. विजेच्या सामानाची ही गल्ली म्हणजे माझी वाचनशाळा. काही वर्षांपूर्वी तिथे ‘डीव्हीआय टू व्हीजीए’ कन्व्हर्टर घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने काचेखालून अंगठ्याएवढा पांढरा तुकडा काढला, हातात न देता विचारलं, “साहेब, कॉम्प्युटरच्या सॉकेटला पात्याच्या बाजूला चार भोकं आहेत का? बघून या. हा नुसता जोड आहे, यात आयसी नाही.”

या दोन वाक्यांत विषयाचं मर्म आहे. डीव्हीआय १९९९ साली आलं, काचेचे पडदे आणि सपाट पडदे शेजारी शेजारी नांदत होते त्या काळात. त्याच्या एका प्रकारात दोन्ही भाषा एकाच सॉकेटात ठेवल्या आहेत. तीन ओळींत चोवीस पिना, बहुतेक आकड्यांच्या. आणि एका बाजूला एक आडवं पातं, त्याच्या वर-खाली चार पिना. त्या चौघी म्हणजे तांबडा, हिरवा, निळा आणि ओळ संपल्याची खूण. पातं म्हणजे त्यांची जमीन. पान संपल्याची खूण मात्र आकड्यांच्या घोळक्यातल्या आठव्या पिनेवर आहे. जुना सिग्नल त्या सॉकेटात तयारच असतो. तो पांढरा तुकडा काहीही बदलत नाही. चार भोकांतलं उचलतो आणि पंधरा भोकांत नेऊन ठेवतो. दिंडीतला माणूस एका गावचा निरोप पुढच्या गावाला सांगतो तसा. निरोपाची भाषा बदलायची गरजच नसते.

पण त्याच डीव्हीआयचा दुसरा प्रकार नुसत्या आकड्यांचा असतो. त्याला पातं आहे, चार भोकं नाहीत. तिथे हा तुकडा बसतच नाही. ही नकारघंटा मला या सगळ्या रचनेतली प्रामाणिक ओळ वाटते. सॉकेट आपल्याजवळ जे नाही ते असल्याचं भासवत नाही. भोक नसणं हेच त्याचं उत्तर. स्वस्तात मिळणारे काही तुकडे चार पिना कापून विकले जातात, म्हणजे ते कुठेही बसतील. ते बसतात, आणि पडदा काळा राहतो. कवितेतली एक ओळ खोडून ती सगळ्या चालींत बसवण्यासारखं आहे ते. मला त्याचा राग येतो.

आता एचडीएमआयची चपटी पिन. डिसेंबर २००२मध्ये सोनी, फिलिप्स, तोशिबा, हिताची अशा सात कंपन्यांनी मिळून हिचं पहिलं मानक काढलं. पाया डीव्हीआयच्या आकड्यांचा. इथे चार भोकं नाहीत. अ‍ॅनालॉगचा एक धागाही नाही. एकोणीस पिना, त्यांतल्या बारा चित्राच्या: तीन रंगांच्या तीन जोड्या, एक ठेक्याची जोडी, आणि प्रत्येक जोडीला आपलं कवच. जोडी कशाला? तर एक वायर चढली की दुसरी उतरते. वाटेतला गोंगाट दोघींवर सारखाच बसतो, आणि पलीकडचा कान फक्त दोघींतला फरक मोजतो, म्हणून गोंगाट आपोआप वजा होतो. रंगाची छटा इथे दाब नसून ० ते २५५मधला आकडा आहे. तो आठ बिटांचा आकडा दहा बिटांत लिहून धाडतात, अशा बेताने की एक-शून्याची उलथापालथ कमी व्हावी आणि दोघांचा तोल राहावा.

आणि आता ती जागा, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. एचडीएमआयला झोत नाही. सपाट पडद्यात मागे न्यायचा हातच नाही, मग विसावा कशाला? तरी एचडीएमआयच्या ओळीत ओसरी आहे. शाळेच्या प्रोजेक्टरचं चित्र १०२४ बाय ७६८चं. पण केबलीतून जाणारी ओळ १३४४ ठिपक्यांची आणि पान ८०६ ओळींचं. ३२० ठिपके विसाव्याचे. डीव्हीआयने जुन्या पडद्यांशी नातं राखायला ही मोजमापं तशीच ठेवली, आणि एचडीएमआयने ती वारशात घेतली.

या रिकाम्या ३२०मध्ये दोन गोष्टी राहायला आल्या. पहिली, वीणा. ओळ संपल्याची आणि पान संपल्याची खूण आता वेगळ्या वायरीवर नाही. चित्र थांबलं की निळ्या रंगाच्या जोडीवरून त्या खुणा जातात. याचा अर्थ फार मोठा आहे. व्हीजीएत निळा गेला तर नकाशा पिवळा होतो. एचडीएमआयत निळ्याची जोडी तुटली तर निळ्याबरोबर खुणाही जातात आणि पडद्यावर काहीच उरत नाही. तिथे निळा नुसता टाळकरी नाही. वीणा त्याच्या खांद्याला आहे.

दुसरी गोष्ट आवाज.

डीव्हीआयच्या मूळ रचनेत आवाजाला वाट नव्हती. एचडीएमआय करणाऱ्यांनी नवी वायर टाकली नाही. त्यांनी आवाज ओसरीवर बसवला. ओळ संपली की चित्राच्याच वायरींवरून आवाजाची लहान लहान पुडकी जातात. या पुडक्यांच्या जागेला त्यांनी नाव दिलं ‘डेटा आयलंड’, म्हणजे अंधाराच्या पाण्यातलं बेट. पूर्वी ओसरी म्हणणारे आता बेट म्हणू लागले. माझं मन ओसरीतच रमतं. आणि या पुडक्यांची बांधणी बघण्यासारखी आहे. चित्रातला एखादा ठिपका चुकला तर डोळा तो माफ करतो, आवाजातली चूक मात्र कानाला काट्यासारखी टोचते. म्हणून चित्रासाठी आठ बिटांना दहा बिटांचं गाठोडं, आणि आवाजासाठी चारच बिटांना दहाचं. वर चूक सापडली तर दुरुस्त करायची सोयही पुडक्यातच. कानाचा एवढा मान राखलेला मी दुसऱ्या कुठल्या केबलीत पाहिला नाही.

मुलीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे मिळालं. केबल लावल्यावर लॅपटॉपला वाटलं की पलीकडे आवाज घेणारं कुणीतरी आहे, म्हणून त्याने आपल्या तोंडचा आवाज ओसरीवर नेऊन ठेवला. असं त्याला का वाटलं? प्रोजेक्टरच्या व्हीजीए ओळखपत्रात आवाजाचं नाव नाही. ते या डबीने सांगितलं. आवाज काढून देणारा कन्व्हर्टर ओळखपत्र पुढे करताना त्यात आवाजाची ओळ आपल्यातर्फे घालतो. प्रोजेक्टर घेणार नाही, पण मी घेईन, अशी ती हमी असते.

आता डबीच्या पोटात जाऊ. तपकीर गल्लीतल्या त्या पांढऱ्या तुकड्यात आयसी नव्हता. हिच्यात आहे, आणि तिचं सगळं मोल त्यात आहे. एचडीएमआयच्या जोड्यांतून आलेली दहा-दहा बिटांची गाठोडी ती सोडते, त्यांचे परत आठ बिट करते. विसावा आला की निळ्या जोडीतून खुणा वेचून तेराव्या-चौदाव्या पिनेवर उभ्या करते. आवाजाची पुडकी बाजूला काढते. आणि रंगाच्या प्रत्येक आकड्याचा दाब करते. ०.७ व्होल्टचे २५५ टप्पे केले तर एक टप्पा जेमतेम २.७ मिलिव्होल्टचा. पेन्सिलसेलच्या दीड व्होल्टचा पाचशेवा भागही नाही. त्या बारकाव्याने तीन रंग, प्रत्येक ठिपक्याला, आणि शाळेच्या चित्रात सेकंदाला साडेसहा कोटी ठिपके. एका ठिपक्याला पंधरा नॅनोसेकंद मिळतात. तेवढ्यात उजेड साडेचार मीटर जातो, म्हणजे वर्गाच्या दारातून फळ्यापर्यंतही कदाचित नाही.

हे काम फुकट होत नाही. व्हीजीएच्या वायरीला दोन्ही टोकांना ७५ ओहमचा अडसर असतो. त्यातून एका रंगाला पूर्ण तेज द्यायचं तर सुमारे साडेअठरा मिलिअँपिअर प्रवाह लागतो. तिन्ही रंगांचा पांढराशुभ्र पडदा म्हणजे जवळपास ५६. आणि एचडीएमआयच्या अठराव्या पिनेवर लॅपटॉपने द्यायलाच हवा असा प्रवाह आहे ५५ मिलिअँपिअर. नुसत्या एका कोऱ्या पानाने शिदोरी संपली, आयसीच्या पोटाला काय? पुष्कळ लॅपटॉप प्रत्यक्षात जास्त देतात म्हणून निभावतं. ज्याचं निभावत नाही त्याच्यासाठी कुशीतलं ते चार्जरचं भोक. कन्व्हर्टर घेताना मी ते भोक असलेलाच घेतो. नसलेला स्वस्त असतो, पण नेमका पांढऱ्या पानावर डोळे मिटतो. तासाभराने डबी हातात घेतली की कोमट लागते. नुसता जोड कधी कोमट होत नाही.

उलट्या दिशेने मात्र ही डबी चालत नाही. जुन्या संगणकाचं व्हीजीए नव्या टीव्हीला द्यायचं तर वेगळी डबी लागते, कारण दाब मोजून आकडा करणं हे निराळं कसब आहे. ते कसब शाळेच्या प्रोजेक्टरलाही करावं लागतं, ही या गोष्टीतली विलक्षण बाब. प्रोजेक्टरच्या आतला पडदाही ठिपक्यांचाच, आकड्यांवर चालणारा. म्हणजे लॅपटॉपमधला आकडा डबीत दाब झाला, दाब लांबलचक व्हीजीए केबलीतून छताखाली गेला, आणि तिथे परत आकडा झाला. दोनदा भाषांतर. आणि दुसरं भाषांतर अवघड, कारण दाबाच्या वायरीवर ठिपके वेगळे दिसतच नाहीत. प्रोजेक्टरला फक्त ‘ओळ संपली’ ऐकू येतं. त्या दोन खुणांमधे १३४४ घरं आहेत हे त्याने अंदाजाने धरायचं आणि प्रत्येक घराच्या बरोबर मधोमध दाब मोजायचा. मोजमाप थोडं सरकलं की बारीक अक्षरं थरथरतात, उभे पट्टे पोहताना दिसतात. तेव्हा रिमोटवरचं ‘ऑटो’ दाबायचं. क्षणभर चित्र डावी-उजवीकडे हलतं आणि स्थिर होतं. तानपुरा लावताना कान जुळेपर्यंत तार थोडी वर-खाली होते, तो क्षण. मुलांना हा क्षण फार आवडतो, मलाही.

दोन भाषांतरांत काही हरवतं का? हरवतं. केबल लांब असेल तर काळ्या अक्षरांच्या उजवीकडे फिकट सावली पडते. टोकाला आपटून परतलेला सिग्नल उशिरा येऊन बसतो. पण हे हरवणं हळूहळू होतं, संध्याकाळसारखं. आकड्यांचं हरवणं कड्यासारखं: काठापर्यंत चित्र निर्मळ, मग पडद्यावर चमचमते ठिपके, मग अंधार. कुठलं श्रेष्ठ, हा वाद मला करायचा नाही. वर्गात मात्र हळूहळू बिघडणाऱ्याची बाजू मी घेईन. तो तास पुरा करू देतो.

एक खंत लिहायलाच हवी. काही चित्रपट कुलुपबंद आकड्यांत येतात. पलीकडच्या पडद्याने किल्ली दाखवल्याशिवाय ते उलगडत नाहीत, आणि व्हीजीएजवळ किल्ली ठेवायला जागाच नाही. रीतसर पैसे भरून घेतलेली फिल्मही या डबीपुढे काळी पडते. इथे भाषांतर जमत नाही असं नाही. भाषांतराला मनाई आहे. शाळेतल्या एका जुन्या प्रोजेक्टरपासून चोरीचं भय कुणाला असावं, हे मला समजत नाही.

डिसेंबर २०१०मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून जाहीर केलं होतं की २०१५पर्यंत व्हीजीए आपल्या वस्तूंतून हळूहळू काढून टाकू. लॅपटॉपांतून ते खरोखर गेलं. शाळांच्या, ग्रामपंचायतींच्या, मंगल कार्यालयांच्या भिंतींत ते अजून आहे, आणि जोवर प्रोजेक्टरचा दिवा लागतो तोवर राहील.

पुढच्या शनिवारी मी घरून जुना छोटा स्पीकर नेला. त्याच मुलीला डबी दिली आणि म्हटलं, “आवाज हिच्यात आहे. कुठून येईल बघ.” तिने डबी फिरवून पाहिली. चार्जरच्या भोकावर बोट ठेवलं, मान हलवली, मग गोल भोक सापडलं. “हे रिकामं होतं?” तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने स्पीकरची पिन त्यात सारली.

फिल्म त्याच जागी थांबवलेली होती. ओढ्याच्या दगडावर शीळकरी कस्तूर. शाळेच्या चित्राच्या ओळी सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार तीनशे साठ, आणि आवाजाचे नमुने अठ्ठेचाळीस हजार. जवळजवळ एका ओळीला एक. चित्राची ओळ संपायची, अंधार व्हायचा, आणि त्या अंधारात शिळेचा एक कण लॅपटॉपमधून निघून डबीत यायचा. डबी तो वेगळा काढून स्पीकरला द्यायची. मागच्या बाकांवरची मुलं उठून पुढे आली. बाहेर पाऊस होता, खिडकीच्या गजांमधून ओला वारा येत होता, आणि शाळेच्या बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या, कारण त्यांना वाटलं पक्षी अंगणात आलाय.